जुन्या मोटारीची झळाळी : लेपाचे घर्षण आणि लेपाचे रक्षण

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पेबल बीच येथे १९५० सालापासून मोटारींचे एक सौंदर्यप्रदर्शन भरत आले आहे. आरंभीच्या वर्षांत तेथील सर्वोच्च मान बहुधा नव्या मोटारींकडे जाई. १९५५ साली फिल हिल यांनी मांडलेल्या १९३१ च्या पिअर्स-ॲरो गाडीने तो मिळविला, आणि जुनी गाडी पूर्णपणे सुटी करून, पुन्हा रंगवून, कारखान्यातून निघाली असेल त्याहूनही लखलखीत करून मांडण्याच्या प्रथेला प्रतिष्ठा लाभली. (हेच हिल पुढे १९६१ साली मोटारशर्यतींचे जगज्जेते झाले.) ही प्रथा सुमारे सात दशके चालली. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र सर्वोत्कृष्टतेचा मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ या गाडीला देण्यात आला. एके काळी बेल्जमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्या मालकीची असलेली ही काळी गाडी ‘जतन’ वर्गातील होती. म्हणजे तिच्या अंगावरील काळाच्या खुणा पुसून न टाकता तशाच राखण्यात आल्या होत्या. या वर्गातील गाडीला तेथे तो मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होय.

हौशी लोकांत या निर्णयाची चर्चा अभिरुचीच्या अंगाने झाली. रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांच्या अभ्यासकाला मात्र त्यात एक निराळा प्रश्न दिसावयास हवा. प्रदर्शनापूर्वी गाडीला जी झळाळी आणली जाते ती नेमकी कोठून येते? ती गाडीवर काही चढवून मिळते, की गाडीवरचे काही काढून? बोलण्याच्या ओघात धुणे, घासणे आणि मेण लावणे या तिन्ही क्रियांना ‘पॉलिश करणे’ असे एकच नाव दिले जाते. वस्तुतः धुण्याने लेपावरील मळ जातो, घासण्याने लेपाचाच काही भाग जातो, आणि मेणाने लेपावर एक परका थर येतो. पहिली क्रिया नीट केली तर निरुपद्रवी आहे, तिसरी उलटविता येते. दुसरी मात्र कधीही उलटविता येत नाही. मूळ रंग असलेल्या गाडीच्या बाबतीत सर्व विचार या एका भेदापाशी येऊन थांबतो.

झळाळीचे स्वरूप

लेपाच्या बंधकद्रव्याचा वक्रीभवनांक साधारणतः १.५ असतो. अशा पृष्ठावर लंबरूप पडलेल्या प्रकाशापैकी आरशासारखा परत फिरणारा भाग, फ्रेनेलच्या सूत्रानुसार, केवळ चार टक्के भरतो. म्हणजे कितीही घासले तरी समोरून पाहिलेली गाडी रुप्याच्या आरशाप्रमाणे चकाकणे शक्य नाही. चांगल्या आणि वाईट झळाळीत जो फरक दिसतो तो परावर्तित प्रकाशाच्या एकूण प्रमाणाचा नसून त्याच्या शिस्तीचा आहे. पृष्ठ सपाट असेल तर हा चार टक्के प्रकाश एकाच दिशेने जातो. ते खडबडीत असेल तर तोच प्रकाश चहूकडे विखुरतो.

सपाट कशाला म्हणावे, याचे एक मोजमाप लॉर्ड रॅले यांनी घालून दिलेले आहे. लंबरूप प्रकाशासाठी पृष्ठावरील उंचसखलपणा तरंगलांबीच्या सुमारे एक-अष्टमांशाहून कमी असेल तर ते पृष्ठ प्रकाशाच्या दृष्टीने सपाट समजावे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली तर ही मर्यादा ०.०७ मायक्रॉन येते. प्रकाश जसजसा तिरपा होतो तसतशी ही अट सैल होते. लंबापासून ८० अंशांवर ती सुमारे ०.४ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ सहापट होते. निस्तेज झालेले बॉनेट उकिडवे बसून कडेने पाहिले असता चकचकीत भासते आणि उभे राहून पाहिले असता फिकट दिसते, याचे कारण हेच. गाडी विकणाऱ्याने काढलेली छायाचित्रे बहुधा तिरप्या कोनातून का असतात, याचाही उलगडा यातून होतो.

काळा रंग सांभाळण्यास सर्वांत कठीण, असे रंगारी म्हणतात ते अनुभवाने. परंतु त्याची उपपत्ती सोपी आहे. पांढऱ्या लेपात शिरलेल्या प्रकाशाचा फार मोठा भाग रंगद्रव्याच्या कणांवरून विखुरला जाऊन बाहेर येतो, आणि त्या उजेडात ओरखड्यांनी विखुरलेला थोडासा प्रकाश हरवून जातो. काळ्या लेपात आत शिरलेला प्रकाश शोषला जातो. तेथे डोळ्यापर्यंत पोहोचणारा जवळजवळ सगळा प्रकाश पृष्ठावरूनच आलेला असतो, आणि म्हणून पृष्ठाचा प्रत्येक दोष उघडा पडतो.

सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, त्यांविषयीही एक गैरसमज रूढ आहे. फडके गोल गोल फिरविल्याने ती पडतात, असे सांगितले जाते आणि सरळ हाताने पुसण्याचा उपदेश केला जातो. वास्तविक ओरखडे सर्व दिशांनी पसरलेले असतात. त्यांपैकी ज्यांची दिशा प्रतिबिंबाकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनात असते तेवढेच प्रकाश डोळ्याकडे वळवितात. बाकीचे अदृश्य राहतात. पाहणारा बाजूला सरकला की वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. ती जर खरोखर गोल कोरलेली असती तर एके जागी स्थिर राहिली असती. सरळ हाताने पुसल्यास ओरखडे एका दिशेला अधिक पडतील व काही कोनांतून ते दिसणार नाहीत, एवढेच. त्यांची संख्या कमी होणार नाही.

लेपाचे स्वरूप

जुन्या गाडीवर जो लेप आहे तो कोणत्या जातीचा, हे जाणल्यावाचून त्याला हात लावणे धोक्याचे असते. मोटारीच्या आरंभकाळात घोडागाडीचीच रीत चालू होती. जवसाच्या तेलात शिजविलेल्या राळेचे रोगण थरावर थर देऊन, प्रत्येक थर वाळू देऊन व घासून, एका गाडीचे रंगकाम पुरे होण्यास कित्येक आठवडे लागत. फोर्ड कंपनीने मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात दिली, कारण डांबरवर्गीय द्रव्यापासून केलेला काळा लेप भट्टीत लवकर व कठीण होत असे. जुळणीपट्ट्यावर गाडी तासांत तयार व्हावी आणि रंगासाठी आठवडे अडून राहावी, ही तत्कालीन कारखानदारीची मोठी अडचण होती.

ती सुटली ती नायट्रोसेल्युलोजने. हे द्रव्य नवे नव्हते. बंदुकीच्या दारूत आणि चित्रपटाच्या फितीत ते वापरात होतेच. परंतु त्याचा विद्राव फार घट्ट होई. फवारता येण्याइतका पातळ केला तर त्यात घन पदार्थ इतका थोडा उरे की एकेक थर नाममात्र बसे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पार्लिन येथे ड्यूपाँ कंपनीच्या रसायनज्ञांना १९२० साली श्यानता उतरविण्याची युक्ती सापडली. सोडियम ॲसिटेटमिश्रित विद्राव उन्हाळ्याच्या उष्म्यात पडून राहिला असता पातळ झालेला आढळला, असा तिचा उगम सांगतात. त्यातून ‘ड्युको’ हा लेप निघाला, आणि जनरल मोटर्सने तो प्रथम १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर निळ्या छटांत चढविला. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि काळ्याखेरीज इतर रंगही स्वस्त झाले.

या नावाने आपल्याकडे एक चमत्कारिक दीर्घायुष्य मिळविले आहे. मुंबई-पुण्याच्या सुतारकामात फवाऱ्याने दिलेल्या गुळगुळीत रंगाला आजही ‘ड्युको’ म्हणतात. तो शब्द मुळात एका कंपनीच्या मोटाररंगाचे नाव होता, हे कोणाच्या गावीही नसते. ‘लॅकर’ या जातिनामाची कथा तर याहूनही लांबची आहे. संस्कृतातील ‘लाक्षा’, तिच्यावरून फारसी-अरबीतील ‘लाक’, पुढे पोर्तुगीजांमार्फत युरोप, असा प्रवास करून तो शब्द परत आला, आणि मराठी परिभाषाकारांनी त्याला ‘प्रलाक्षारस’ हा प्रतिशब्द देऊन नकळत मूळ घरी पोचविले. मात्र मोटारीच्या लॅकरमध्ये लाखेचा अंश नसतो, हे ध्यानात ठेवावे.

नायट्रोसेल्युलोज लॅकर केवळ विद्रावक उडून गेल्याने वाळते. त्याच्या रेणूंमध्ये नवे बंध निर्माण होत नाहीत. शंभर वर्षांनीही ते आपल्या विद्रावकात पुन्हा विरघळते व उष्णतेने मऊ होते. १९३० च्या दशकात प्रसार पावलेले अल्किड एनॅमल याच्या उलट आहे. ते हवेतील ऑक्सिजन घेऊन किंवा भट्टीच्या उष्णतेने आडव्या बंधांनी जखडले जाते, आणि एकदा वाळले की विरघळत नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल मोटर्सने ॲक्रिलिक लॅकर आणले. तेही विरघळणारेच, परंतु उन्हाला अधिक टिकणारे. रंगद्रव्याचा थर आणि त्यावर स्वच्छ पारदर्शक थर, ही आजची दुपदरी पद्धत १९८० च्या दशकात सर्वत्र रूढ झाली.

झळाळीच्या दृष्टीने या दोन जातींतील मुख्य भेद असा. एनॅमल सावकाश वाळते. तोवर पृष्ठताणामुळे ते आपोआप समतल होते आणि त्याची चकाकी फवाऱ्यातूनच येते. लॅकरमधील विद्रावक इतक्या झपाट्याने उडतो की पृष्ठ समतल होण्याआधीच गोठते, व लेप काहीसा मंद दिसतो. म्हणून कारखान्यातच लॅकर दिलेली गाडी पाणी व बारीक कागद यांनी घासून, नंतर कंपाउंड लावून चमकवीत असत. लॅकरच्या गाडीची झळाळी ही मुळातच घर्षणाने आलेली झळाळी आहे. ‘मूळ लेपाला अपघर्षक कधीच लावू नये’ असा सरसकट नियम करणाऱ्यांनी ही गोष्ट विचारात घ्यावी. उलटपक्षी एनॅमलच्या गाडीवर संत्र्याच्या सालीसारखी जी मंद लहर असते ती तिच्या जन्माची खूण आहे. ती घासून काचेसारखी सपाट केली तर गाडी अधिक सुंदर दिसेल, पण ती त्या कारखान्यातून तशी कधीच निघाली नव्हती.

घासताना काय घडते

झळाळी आणणे म्हणजे खरवडणेच, की आणखी काही, हा वाद जुना आहे. न्यूटनने १७०४ च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात असे मानले की, पॉलिश करण्याने ओरखडे नाहीसे होत नाहीत, तर इतके बारीक होतात की दिसेनासे होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी सर जॉर्ज बाइल्बी यांनी याहून वेगळे मत मांडले. घर्षणाखाली धातूचा पृष्ठस्तर द्रवासारखा वाहतो व खळगे झाकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२१ सालच्या त्यांच्या ग्रंथात ते विस्ताराने आले आहे. १९३७ साली बाऊडेन आणि ह्यूज यांनी दाखविले की पॉलिश होणे न होणे हे कठिणपणापेक्षा सापेक्ष वितळबिंदूवर अवलंबून असते. मऊ कापूरसुद्धा आपल्याहून कमी तापमानास वितळणाऱ्या मिश्रधातूला चमकवितो, पण अधिक तापमानास वितळणाऱ्या धातूपुढे त्याचे काही चालत नाही. पुढे ऑस्ट्रेलियन धातुशास्त्रज्ञ सॅम्युअल्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धातूंचे छेद तपासून, अपघर्षकाचे कण शेवटपर्यंत सूक्ष्म ढलपेच काढीत असतात, असे दाखवून दिले. धातूंपुरते तरी पारडे पुन्हा न्यूटनच्या बाजूला झुकले.

रंगलेप हा धातू नव्हे. लॅकरसारखे मऊ होणारे बहुवारिक घेतले तर दोन्ही क्रिया एकाच वेळी घडण्यास वाव आहे: कण ढलपे काढतात आणि घर्षणाने तापलेला अगदी वरचा स्तर किंचित वाहतो. दुसरी क्रिया ऐकावयास मोहक आहे, परंतु तिच्यावर विसंबणे घातक होय. यांत्रिक चक्र एकाच जागी क्षणभर जास्त रेंगाळले की लॅकर मऊ होऊन गादीला चिकटते, त्याचा पापुद्रा ओढला जातो, व खाली अस्तर दिसू लागते. कारागीर याला ‘रंग जळाला’ म्हणतात. फिरता फिरता सरकणाऱ्या, म्हणजे एकाच केंद्राभोवती न फिरणाऱ्या यंत्रात हा धोका कमी असतो; हाताने घासण्यात तो जवळजवळ नसतोच.

कणांच्या आकाराचा हिशेब उद्बोधक आहे. ‘पी २०००’ क्रमांकाच्या वॉटर पेपरवरील कण सरासरीने सुमारे दहा मायक्रॉनचे असतात. दिसणारा प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा. साहजिकच कागदाने घासलेले पृष्ठ धुरकट दिसते. त्यानंतर कंपाउंड, त्यानंतर बारीक पॉलिश, अशा पायऱ्या घेत ओरखड्यांची खोली प्रकाशाच्या मर्यादेखाली आणावी लागते. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीने पाडलेल्या सर्वांत खोल ओरखड्याच्या तळापर्यंत लेप उतरवावा लागतो, आणि येथेच खर्च होतो. एखादा ओरखडा तीन मायक्रॉन खोल असेल तर तो ‘काढणे’ म्हणजे त्याच्या भोवतालचा सगळा लेप तीन मायक्रॉनने खाली आणणे होय. ओरखडा भरून येत नसतो. शेजारची जमीन खचविली जाते.

कारखान्याच्या लेपाची एकूण जाडी, अस्तरासह, साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दोन केसांइतकी असते. त्यातील रंगाचा थर ५० मायक्रॉन धरू. समजा, मालकाने वर्षातून दोनदा हलके पॉलिश केले आणि प्रत्येक वेळी अर्धा मायक्रॉन लेप गेला. पन्नास वर्षांत तो थर संपतो. प्रत्यक्षात तो असा सम प्रमाणात संपत नाही, हे अधिक वाईट आहे. ओल्या लेपाचा द्रव धारेवरून मागे ओढला जातो, त्यामुळे बॉनेटच्या कण्यावर, मडगार्डच्या कडेवर लेप मुळातच पातळ असतो; आणि गादीचा दाब त्याच अरुंद जागेवर एकवटतो. जुन्या गाडीच्या धारांवर अस्तराची तांबूस किंवा करडी रेघ दिसते ती याची साक्ष होय.

धातुचूर्ण मिसळलेल्या रंगात आणखी एक अडचण आहे. त्यातील ॲल्युमिनियमच्या चपट्या पाकळ्या लेपात आडव्या निजलेल्या असतात. त्यांच्यावर पारदर्शक थर नसेल तर अपघर्षक त्यांना उघडे पाडतो, खरवडतो व काळपट करतो. मग घासलेला भाग न घासलेल्या भागाशी छटेने जुळत नाही, आणि हा दोष कोणत्याही पॉलिशने निघत नाही.

परीक्षा आणि क्रम

यास्तव प्रदर्शनासाठी गाडी तयार करणाऱ्याचे पहिले काम घासणे नसून पाहणे असावयास हवे. जाडी मोजणारे उपकरण पोलादी पत्र्यावर चुंबकीय तत्त्वाने व ॲल्युमिनियमवर भोवरी प्रवाहाच्या तत्त्वाने चालते. ते एकूण जाडी सांगते, रंगाच्या थराची नाही. एखाद्या दारावर ४०० मायक्रॉन दिसले तर तेथे लेप भरपूर आहे असे समजणारा फसतो. बहुधा तेथे अपघातानंतर लांबी भरलेली असते, आणि तिच्यावरचा रंग इतर भागापेक्षाही पातळ असू शकतो. या उपकरणाचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे: कोणता पत्रा मूळ आणि कोणता पुन्हा रंगविलेला, हे त्यावरून कळते.

लेपाची जात ठरविण्यास दाराच्या चौकटीच्या आत, न दिसणाऱ्या जागी, थिनरचा बोळा टेकवून पाहावा. लॅकर असेल तर रंग बोळ्यावर उतरतो. अल्किड असेल तर फुगतो, सुरकुततो, पण सहसा विरघळत नाही. सौम्य पॉलिश पांढऱ्या फडक्यावर घेऊन चोळले असता फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाही, असे समजावे. आपल्याकडील अनेक जुन्या गाड्या दुरुस्तीच्या वेळी नायट्रोसेल्युलोजनेच पुन्हा रंगविलेल्या आढळतात, कारण त्याला भट्टी लागत नाही; तेव्हा गाडीच्या जन्मसालावरून लेपाविषयी अनुमान काढणे येथे विशेष फसवे ठरते.

नंतर धुणे. भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी, सौम्य साबण वापरावा, कापड वारंवार स्वच्छ पाण्यात पिळावे. धुण्याने न निघणारे लोहकण व झाडाचा चीक काढण्यासाठी चिकणमातीसारखी एक कृत्रिम वडी मिळते. पृष्ठ ओले ठेवून ती हलक्या हाताने फिरवावी. लेपाला भेगा असतील तर मात्र पाण्याचा जोराचा फवारा व ही वडी दोन्ही वर्ज्य समजावीत. भेगेतून पाणी पत्र्यापर्यंत गेले की लेप खालून सुटू लागतो, आणि कोकणच्या किंवा मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तो फार लवकर सुटतो.

घासण्याचा नियम एका वाक्यात सांगता येण्याजोगा आहे: जे सर्वांत सौम्य, ते सर्वांत आधी. वीतभर जागेवर प्रथम अपघर्षकविरहित द्रव, नंतर सर्वांत बारीक पॉलिश, आणि त्याने काम भागले नाही तरच पुढची पायरी. धारा चिकटपट्टीने झाकून घ्याव्यात. व्यवसायात याच्या नेमके उलट होताना दिसते, कारण जाड कंपाउंडचा परिणाम ताबडतोब दिसतो आणि गिऱ्हाईक खूश होते.

फिकट पडलेल्या जुन्या लॅकरवर पुष्कळदा तेलकट द्रव चोळून काही तास ठेवतात, व रंग ‘तेल प्याला’ असे म्हणतात. रंग खुलतो यात संशय नाही. उन्हातील जंबुपार किरणांनी बंधक झिजले की रंगद्रव्याचे कण उघडे पडतात व त्यांच्यामध्ये हवेच्या सूक्ष्म पोकळ्या राहतात. प्रकाश या पोकळ्यांवर विखुरतो. तेलाने पोकळ्या भरल्या की विखुरणे थांबते. वाळू भिजली की गडद दिसते, तोच हा प्रकार होय. लेपाचे रासायनिक आरोग्य त्याने सुधारत नाही. परंतु काही न काढता रंग खुलविणारा उपाय म्हणून त्याची योग्यता मोठी आहे, आणि कित्येक वेळा पुढे घासण्याची गरजच उरत नाही.

मेण आणि त्याचे पर्यायी लेप

कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमध्ये, विशेषतः सिआरा व पियाउई प्रांतांत, होणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. कोरड्या हवेत पानातील पाणी उडू नये म्हणून झाड हा थर धारण करते. त्याचा वितळबिंदू ८२ ते ८६ अंश सेल्सियस, म्हणजे मधमाशीच्या मेणाहून वीस अंशांनी अधिक. काळ्या गाडीचा पत्रा वैशाखातील उन्हात हाताला सोसवत नाही इतका तापतो. तेथे नुसते मधमाशीचे मेण मऊ पडून धूळ धरते, कार्नोबा टिकते. ते एकटे लावता येण्याइतके मऊ नसल्याने विद्रावक व इतर मेणे यांच्यासह त्याची लुगदी करतात.

या मेणाचा वक्रीभवनांक लेपाच्या जवळपास असतो. त्यामुळे बारीक ओरखड्यात मेण बसले की प्रकाशाला तो ओरखडा जवळजवळ दिसत नाही. कठोर समीक्षक याला लबाडी म्हणतात: ओरखडा गेला नाही, झाकला गेला. नव्या गाडीच्या विक्रीत ही लबाडी असेलही. मूळ लेपाच्या गाडीत मात्र झाकणे हेच शहाणपणाचे आहे, कारण झाकलेले उद्या पुसता येते, आणि काढलेले परत लावता येत नाही. वस्तुसंग्रहालयांत हे तत्त्व केव्हाच मान्य झाले आहे. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात खनिज तेलापासून मिळणाऱ्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा लेप सिद्ध झाला, तो त्याच्या स्थिरतेमुळे आणि पुसून काढता येण्याच्या गुणामुळे. भेगाळलेल्या लेपावर मात्र कोणतेही मेण जपून लावावे; भेगांत अडकलेले मेण वाळून पांढऱ्या रेघांच्या रूपाने वर दिसते.

पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहिले की गाडीचे रक्षण झाले, ही समजूत अर्धवट आहे. स्पर्शकोन मोठा असल्याचे ते लक्षण आहे, मेणथराच्या जाडीचे किंवा टिकाऊपणाचे नव्हे. जड पाण्याचा असा उभा थेंब उन्हात वाळला तर त्यातील क्षार एका बिंदूवर साचून डाग पडतो. जंबुपार किरण अडविण्याची मेणाच्या पातळ थराची शक्तीही फार नाही. त्यासाठी सावलीइतके परिणामकारक काही नाही.

सिलिकोन तेल मिसळलेली पॉलिशे लावण्यास सोपी व चकाकीस उत्तम असतात. परंतु सिलिकोनचा पृष्ठताण फार कमी असल्याने पुढे त्या जागी रंग द्यावयाची वेळ आली की रंग फाकतो व माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात; रंगकामाच्या शाळांतून सिलिकोनला मज्जाव असतो तो यामुळे. अलीकडील ‘सिरॅमिक’ लेपांत सिलिकॉन-ऑक्सिजनचे जाळे लेपावर कायमचे जखडले जाते. रोज रस्त्यावर धावणाऱ्या दुपदरी रंगाच्या गाडीला ते उपयुक्त आहेत. नायट्रोसेल्युलोजवर त्यांचा प्रयोग करणे अनुचित होय: ते काढावयाचे झाल्यास घासूनच काढावे लागतात, आणि खालचा मऊ, आकुंचन-प्रसरण पावणारा लेप वरच्या ताठ थराशी जुळते घेईलच असे नाही.

काही बिघाड असे आहेत की त्यांवर घासण्याचा किंवा मेणाचा इलाज नाही. नायट्रोसेल्युलोज वयाबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडे सोडते. त्यांपासून झालेले आम्ल पुढील विघटनास उत्प्रेरक ठरते. लवचिकपणा आणणारे मृदुकारक द्रव्य हळूहळू उडून जाते. लेप पिवळसर, ठिसूळ होतो आणि पोलादाच्या प्रसरणाबरोबर ताणला जाऊन चिरतो. ही चीर पृष्ठापासून अस्तरापर्यंत खोल असते. तिचा तळ गाठेपर्यंत घासणे म्हणजे सगळा लेप काढणे. तरीही प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात असे प्रयत्न होतात, आणि त्या आठवड्यात जेवढे मूळ लेप नष्ट होतात तेवढे उन्हाने वर्षानुवर्षांत होत नसतील, असे म्हणावेसे वाटते.

दिल्लीत १९६४ साली सुरू झालेल्या स्टेट्समन रॅलीपासून आपल्याकडेही जुन्या गाड्यांची प्रदर्शने रुजली. मुंबई-पुण्याकडील एक नित्याची सवय मात्र कोणत्याही कंपाउंडपेक्षा अधिक लेप खाते. रोज सकाळी गाडीवर कोरडे फडके मारण्याची ती सवय होय. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात. मोसच्या मापनात त्यांचा कठिणपणा सात येतो, आणि कोणताही रंगलेप त्याच्या जवळपासही पोचत नाही. प्रदर्शनाच्या मैदानावर, परीक्षक येण्याच्या पाच मिनिटे आधी, हेच फडके पुन्हा बाहेर निघते. त्या वेळी मऊ पिसांच्या झटकणीने, दाब न देता, वरची धूळ उडवावी. जी उडत नाही ती राहू द्यावी, आणि धारांवर दिसणारी अस्तराची रेघही तशीच राहू द्यावी.